नीलमचं सीरम, माझं रीडिंग

३ मार्च

आज जेवताना नीलमनं माझ्या ताटाशेजारी बोटाएवढी बाटली ठेवली. म्हणाली, "आक्का, ही तेवढी तपासून द्या की."

नीलम म्हणजे माझी धाकटी जाऊ. बी.एस्सी. झालेली. तिचं सर्टिफिकेट आमच्या घरात देवाच्या फोटोपेक्षा वर टांगलंय, चौकटीत. मागच्या वर्षी तिनं उद्यमबागेत, मी कामाला आहे त्या फाउंड्रीच्याच मागच्या गल्लीत गाळा घेतला, लायसन्स काढलं आणि व्हिटॅमिन सीचं सीरम बनवायला लागली. चेहऱ्याला लावायचं. बाटलीवर लिहिलंय १५ टक्के.

आता अडलंय ते असं. निपाणीच्या कल्याणीबाईंची तीन पार्लरं आहेत आणि बाजारात मोठं दुकान. त्यांनी चाळीस बाटल्या घेतल्या, त्यातल्या अठरा महिन्याभरात तपकिरी पडून परत आल्या. बाई म्हणाल्या, २९ तारखेला या, यात काय आणि किती आहे ते मला दाखवा, नाहीतर राम राम. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट यायला दीड महिना लागतो. आणि निपाणी गेली की नीलमचा गाळाही गेला, एप्रिलात कुलूप.

माझ्याकडं का आली, तर बिडातलं, म्हणजे ओतीव लोखंडातलं, गंधक मोजायला आमच्या लॅबमध्ये आयोडीन असतं आणि व्हिटॅमिन सीसुद्धा आयोडीननंच मोजतात. हे तिला पुस्तकातनं माहीत, मला हातातनं. सोळा वर्षं ब्युरेट, ती थेंब मोजायची काचेची नळी, धरतेय मी. रिपोर्टवर सही लॅबच्या उपेंद्र साहेबांची असते, पण रीडिंग माझं, आणि माझं रीडिंग आजवर चुकलेलं नाही.

मी म्हटलं, "बघू." लगेच हो म्हणून तिला डोक्यावर कशाला चढवा?

४ मार्च

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, शिफ्ट संपल्यावर करा, आयोडीन सांडू नका.

सीरम लॅबच्या बाटलीत ओतून घेतलं, चिठ्ठी चिकटवली, नंबर ११४. नीलम सोबत आलती. म्हणाली, "माझ्या बाटलीत तसंच ठेवलं तर न्हाय का चालत?" मी म्हटलं, "लॅब तुझी का माझी? नमुना आला की आपल्या बाटलीत, आपल्या नंबरानं. हितं भल्याभल्यांचं बीड असंच येतंय." बी.एस्सी.ला हे शिकवत नसावेत.

७ मार्च

नमुना अजून कपाटात. फाउंड्रीत तपासणीला बाहेरचे साहेब आलेत, श्वास घ्यायला सवड नाही.

रात्री नीलमनं नवीन लेबल दाखवलं. गुंडूनं छापून आणलंय. गुंडू आमच्या मजगावातच लग्नपत्रिका छापतो, तीच झोकदार अक्षरं. वाचून मला हसू आवरेना. 'शंभर टक्के नैसर्गिक! केमिकलमुक्त! सात दिवसांत गोरेपणा! डाग गायब!'

"ह्यो कुणाचा शहाणपणा?"

"दुसऱ्या बाटल्यांवर असंच असतंय आक्का. गुंडूनं बघून लिहिलंय."

मी लाल पेन घेतलं. केमिकलमुक्त म्हणे! पाणीसुद्धा केमिकलच की. आणि तुझी पावडर पोत्यातनं येती, झाडावरनं तोडलेली न्हाय. गोरं करतंय हे कुणी मोजलं? सात दिवसांत काय होतंय? पुस्तक काढायला लावलं तिला. त्यात होतं, आठ ते बारा आठवडे रोज लावलं तर डाग थोडे फिके पडतात, कातडी जरा टवटवीत दिसते, आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लावायचं ते लावायचंच. मग तेवढंच लिही म्हटलं.

घटकांची यादीही एकेक करून वाचली. पाणी, व्हिटॅमिन सी, ग्लिसरीन, व्हिटॅमिन ई, टिकायला घातलेलं औषध ०.८ टक्के. त्याला १ पर्यंत चालतं. वास नाही, रंग नाही. आंबटपणा बघायची पट्टी बुडवली तर तीन. लिंबापेक्षा कमी, ताकापेक्षा जास्त. म्हणजे नाजूक कातडीला चुणचुणणार. तेही लिहायला लावलं, 'आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस वाट बघा.'

सासूबाई म्हणाल्या, "मग माझ्या कोपराला लावा की. म्हातारी झाली म्हणून काय मला कातडी न्हाय?" लावलं. मग म्हणतात, तोंडाला कधी लावणार?

मीही लावायचं ठरवलंय, पण फक्त डाव्या गालावर. उजवा तसाच ठेवायचा, म्हणजे फरक कळेल. निव्वळ तपासणीसाठी. कुणी उगीच काही समजू नये.

९ मार्च

सासूबाईंच्या कोपराला काही झालं नाही. त्या जरा नाराज दिसल्या.

१३ मार्च

आज मोजलं.

बाटली काढली तर सीरम चहासारखं झालेलं. तिथंच मला शंका आली. एक ग्रॅम घेतलं, पाणी, जरासं आम्ल, स्टार्चचे थेंब. वरनं आयोडीन सोडत गेले. व्हिटॅमिन सी आहे तोवर ते आयोडीन गिळत राहतं, संपलं की पुढच्या थेंबाला निळं होतं. १५ टक्के असतं तर ब्युरेटवर १७ पर्यंत जायला पाहिजे होतं. १०.६ लाच निळं झालं. परत केलं, १०.५. परत, १०.६. हिशेबानं ९.३ टक्के.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. एवढी बी.एस्सी., चौकटीतली. बारावीला रसायनशास्त्रात मला ९१ होते, पण पुढं लग्न झालं. तो विषय वेगळा.

जेवताना सगळ्यांच्या देखत सांगितलं. नीलम, तिचे यजमान सौरव भावजी, सासूबाई, आमचे मालक. म्हटलं, "पंधरा लिहिलंय, हाय सव्वानऊ. हे गिऱ्हाइकाला फसवणं झालं."

नीलमचा घास हातातच राहिला. म्हणाली, "पण आक्का, मी स्वतः वजन करून घातलंय."

"वजनकाटा खोटा असंल न्हायतर तू."

आमचे मालक म्हणजे माझे यजमान, भरमू पाटील, दिवसातनं दहा वाक्यं बोलतात. त्यातलं एक आज खर्च केलं. "एकदाच मोजलीस गं?"

"तीनदा," मी म्हटलं. तीनदा मोजल्यावर कोण बोलणार?

१४ मार्च

नीलम बोलत नाही. रात्री जेवलीही नाही. सकाळी माझा डबा मात्र तिनंच भरून ठेवलेला, वांग्याची भाजी, मला आवडते तशी कमी तेलाची. कशाला भरायचा? मला ते लागलं. भरला नसता तर बरं झालं असतं.

१७ मार्च

आज लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

संध्याकाळी लॅब आवरत होते. बिडाला ड्रिल मारला की लोखंडाचा बारीक कीस पडतो, तोच आम्ही तपासतो. टेबलावर सांडलेला कीस उचलायला लोहचुंबक फिरवायची माझी रोजची सवय. फिरवता फिरवता ११४ नंबरच्या बाटलीचं झाकण पुढ्यात आलं आणि झाकणाच्या आट्यांतनं काळे केस उभे राहिले. मिशीसारखे.

मी झाकण उजेडात धरलं.

ती बाटली किसाची होती. धुतलेली, पण आमच्यासारखी धुतलेली, म्हणजे नळाखाली एकदा हिसळून. पुढचा नमुनाही बिडाचाच असतो, त्यात बिडाचे चार कण राहिले तर कुणाचं काय बिघडतं? सोळा वर्षं काही बिघडलं नव्हतं. पण व्हिटॅमिन सीला लोखंड म्हणजे विष. जरा जरी लागलं तरी हवेनं ते सडत जातं, तपकिरी होतं. हे नीलमच्या त्याच पुस्तकात होतं, आम्ही लेबलासाठी काढलेल्या पानाच्या मागच्या पानावर. नऊ दिवस मी तिचं सीरम लोखंडात भिजत ठेवलं आणि तिला खोटी ठरवलं.

ती म्हणालीही होती, माझ्या बाटलीत ठेवा म्हणून.

१८ मार्च

गाळ्यावर जाऊन न फोडलेली नवी बाटली मागून आणली. कशाला ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिच्याच बाटलीतनं थेट वजन केलं. १६.८. म्हणजे १४.८ टक्के.

तीनदा केलं. तीनदा तेच.

पोरीचं बरोबर होतं.

आता सांगायचं कसं? एक मन म्हणतं, गुपचूप रिपोर्टात १४.८ लिही, दुसऱ्यांदा मोजलं म्हण, विषय संपव. कुणाला कळणार? चुंबक मीच फिरवलाय, दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. पण मग सव्वानऊ कुठनं आलं हे ती जन्मभर स्वतःच्या हातात शोधत बसेल. सगळ्यांच्या देखत बोलले, आता सगळ्यांच्या देखतच बोलायला पाहिजे.

१९ मार्च

सांगितलं. भाकरी वाढता वाढता, उभ्यानंच. बसून सांगायचं धाडस नव्हतं. "नीलम, तुझं सीरम बरोबर हाय. माझी बाटली चुकीची व्हती. लोखंडाची. चूक माझी." आणि रडू आलं. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

मला वाटलं, आता ही पोरगी मला धुऊन काढणार. माझी तयारी होती. पण तिचे डोळे एवढे मोठे झाले आणि ती म्हणाली, "आक्का, लोखंडानं तपकिरी झालं? चहासारखं?"

"व्हय गं."

"किती दिवसांत?"

"नऊ. मला शिव्या घाल की, हे काय विचारतीस?"

"शिव्या मागनं घालतो. तो चुंबक कुठं हाय?"

२० मार्च

काय दिवस होता!

सकाळी सहालाच दोघी गाळ्यावर. नीलम रिकाम्या बाटल्या धुते ती नीटच, गरम पाण्यात, दोनदा, मी उभी राहून बघितलं. मग उलट्या करून खिडकीजवळच्या मांडणीवर वाळत घालते, रात्रभर. आणि खिडकीच्या पलीकडं काय? आमच्या फाउंड्रीची मागची भिंत. तिथं कास्टिंगं, म्हणजे ओतलेले बिडाचे भाग, घासतात, रात्रपाळीलाही. ठिणग्या दिसतात, धूळ दिसत नाही.

मी मांडणीच्या फळीवर चुंबक फिरवला. मिशी. बाटल्यांच्या तोंडाशी फिरवला. मिशी! नीलमनं परत आलेल्या अठरा बाटल्या खोक्यातनं काढल्या, ओतल्या, सुकवल्या. चौदांच्या झाकणांत कण सापडले. चार महिने ती पावडरवाल्याशी भांडत होती, पाणी बदलत होती, स्वतःला दोष देत होती. आणि सगळ्याचं मूळ खिडकीबाहेर.

"आक्का, तुम्ही चुकला नसता तर मला हे कधीच कळलं नसतं," असं म्हणून तिनं मला गच्च मिठी मारली. मी म्हटलं, सोड गं, चुंबक पडंल. पण सोडलं नाही आणि मलाही काही घाई नव्हती.

दुपारी भरमूंनी खिडकीला काच बसवून सगळ्या फटी बुजवल्या. दाराचं जुनं कपाट आणलं, बाटल्या आता त्यात, तोंडं झाकून. भरायच्या आधी प्रत्येक बाटली परत खळबळायची. आणि नीलमनं सीरममध्ये चिमूटभर एक घटक वाढवलाय, चुकून लोखंड आलंच तर तो त्याला धरून ठेवतो. त्याचंही नाव यादीत लिहायला लावलं. लपवायचं काही नाही.

गच्चीवर सीरम भरून दोन बाटल्या ठेवल्यात. एक जुन्या मांडणीवरची, एक कपाटातली. एक आठवडा, रोज उन्हात.

२३ मार्च

धूळवाली पिवळी पडायला लागली. कपाटवाली पाण्यासारखी. सासूबाई दर तासाला गच्चीवर जाऊन बघून येतात आणि खाली येऊन स्कोअर सांगतात.

२७ मार्च

धूळवाली १०.१ टक्के. कपाटवाली १४.५.

गच्चीत नाचले. शेजारच्या अक्काताई धुणं टाकायचं सोडून बघत राहिल्या. बघू देत.

२८ मार्च

रिपोर्ट लिहिला. घटक, आंबटपणा, टक्केवारी, तपकिरी का झालं, काय केलं. लेबलावर 'बनवल्यापासून तीन महिन्यांत वापरा, रंग बदलला तर टाकून द्या' असंही घातलं. गुंडू कुरकुरला, टाकून द्या असं लेबलावर कोण लिहितं? मी म्हटलं, आम्ही लिहितो.

उपेंद्र साहेबांपुढं सहीला ठेवला. त्यांनी पानं उलटून वाचला, परत दिला. "मंगलबाई, मी यातलं काहीच केलेलं नाही. रीडिंग तुमचं, तर सही तुमची."

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. सोळा वर्षं माझ्याच रीडिंगाखाली करत आलात की, आज एकदा केली असती तर? पण ते बोलले त्यात चूकही सापडेना. घरी येऊन पेन हातात घेतलं आणि 'तपासणारे' लिहिलंय तिथं ठेवलं. पुढं गेलंच नाही. सही करायची माझी सवय फक्त पगाराला. उद्या बघू.

२९ मार्च, निपाणीहून आल्यावर

सकाळच्या बसनं गेलो. ब्युरेट गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतलेली, आयोडीनची बाटली नीलमच्या पर्समध्ये. कंडक्टर कन्नडमध्ये म्हणाला, अक्का, बाळाला नीट धरा. मी म्हटलं, धरलंय. साहेबांना शब्द दिलाय, फुटली तर नोकरीवर यायचं तोंड नाही.

कल्याणीबाई पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पार्लरमधल्या चार पोरी भोवती उभ्या. मी आरशासमोरच्या टेबलावर ब्युरेट उभी केली. बाईंना म्हटलं, बाटली तुम्ही निवडा. त्यांनी खोक्याच्या तळातली काढली. ओतलं, थेंब सुरू केले. सोळापर्यंत काही नाही. एक पोरगी म्हणाली, बंद पडलं काय? १६.९ ला पेला भसकन निळा झाला आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. १४.९.

बाई उठल्या, काचेच्या शेल्फातनं दुसऱ्या कुठल्या कंपनीची बाटली काढून पुढ्यात ठेवली. वर लिहिलेलं २० टक्के. "आता ही."

६.८ लाच निळं. म्हणजे सहा टक्के.

पोरी हसायला लागल्या. "बघा, फसवतात!" बाईही माझ्याकडं बघायला लागल्या, मी काय म्हणते म्हणून. पंधरा दिवसांपूर्वीची मी काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे.

"बाई, ही बाटली किती दिवस उन्हात हाय?"

"त्या शेल्फात? दिवाळीपासून असेल."

"मग कंपनीला आत्ताच नावं ठेवायला नकोत. भरताना वीस असंल बी. हे औषध जपावं लागतंय. म्हणून तर आम्ही तीन महिने लिहिलंय, आणि आमचीसुद्धा शेल्फात उन्हात ठेवू नका."

कल्याणीबाईंनी चष्मा काढला. "वीस वर्षं माल विकायला लोक येतात माझ्याकडं. आमचा उन्हात ठेवू नका असं सांगणाऱ्या पहिल्याच आलात. बरं, तुम्ही स्वतः लावता?"

"लावतो की. डाव्याच गालाला."

सगळ्या माझे दोन्ही गाल बघायला लागल्या. इकडून, तिकडून, खिडकीजवळ नेऊन.

"काहीच फरक नाही हो," बाई म्हणाल्या.

"न्हायच. तीनच आठवडे झालेत. लेबल वाचा की, आठ लिहिलंय."

बाई असल्या हसल्या की खुर्ची हलली. म्हणाल्या, तीनशे बाटल्या, दर महिन्याला शंभर, ताज्या. मग रिपोर्ट उघडला आणि बोट ठेवलं. "इथं सही राहिलीय. तपासलं कुणी?"

नीलम म्हणाली, "आमच्या आक्कांनी." आणि पेन माझ्यापुढं धरलं.

केली. मंगल भरमू पाटील. रकाना पुरला नाही, 'पाटील' बाहेर गेलं. जाऊ दे.

येताना बसमध्ये नीलम माझ्या खांद्यावर झोपली. तोंड उघडं टाकून. बी.एस्सी. असली तरी झोपते आपल्यासारखीच. मी एका हातानं ब्युरेट धरली आणि एका हातानं तिला.

घरी भरमूंनी रिपोर्टाची प्रत सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून. शेवटी माझं नाव आलं तेव्हा जरा थांबले आणि परत वाचलं. मग सौरव भावजींना म्हणाले, "ह्याला चौकट करायला टाक."

३१ मार्च

पहिला नमुना सकाळी आठला. बाटली आधी गरम पाण्यानं दोनदा धुतली, चुंबक फिरवून बघितला. बीड, गंधक ०.०८.

रजिस्टरात आकडा लिहिला. एरवी मी तिथं पेन थांबवते आणि वही साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवते. आज थांबवलं नाही. आकड्यापुढं सही केली आणि मग नेऊन ठेवलं.

साहेबांनी चष्मा वर केला. आकडा बघितला, सही बघितली. मग वही माझ्याकडं परत सरकवली.

म्हणाले, "तारीख राहिली बघा."

मी तारीख घातली.